आकाशातली जागल कितीला पडते?

गेल्या पौषात अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर, जागलीला गेलो होतो. परभणीपासून शेत फार लांब नाही. ज्वारी हुरड्यावर आलेली आणि रानडुकरांचा कळप आठ दिवसांत दोनदा येऊन गेलेला. दिवेलागण होऊन पाऊण तास झाला असेल. माळ्यावर घोंगडी टाकून बसलो होतो, तर दक्षिणेकडून एक ठिपका न लुकलुकता सरकत आला, डोक्यावरून गेला आणि उत्तरेला जाता जाता मधेच विझला.

"हे वरून काय बघायलंय?" अण्णांनी विचारलं.

"सगळे बघत नाहीत, अण्णा. काही नुसतं ऐकतात. कुणाचं रडार कुठं चालू आहे ते."

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे जागलच की ही. रातीला कितीला पडते?"

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, अँटेनाची गणितं फळ्यावर नेहमीची, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वही घेऊन बसलो तेव्हा कळलं, की 'किती' काढणं फार अवघड नाही, 'कशाला किती' हे ठरवण्यात सगळी गोम आहे. रुपये भागिले काय? भागिले उपग्रह, भागिले तास, की भागिले टळलेलं नुकसान? भाजक बदलला की तोच उपग्रह स्वस्त होतो आणि तोच महाग.

आधी हे ऐकणं म्हणजे काय ते बघू. रडार हे ओरडणारं यंत्र आहे. रेडिओ लहरींचा ठोका सोडायचा आणि समोरच्या विमानावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा. जाताना लहर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ होते, परत येताना पुन्हा तेवढीच. म्हणजे अंतर दुप्पट झालं तर प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण. पण समोरच्याला नुसता जातानाचाच ठोका ऐकायचा असेल, तर त्याच्यासाठी तो चार पटींनीच क्षीण होतो. वेरूळच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारा. तुम्हाला परत येणारा आवाज जेमतेम ऐकू येईल, पण डोंगरावर बसलेला गुराखी ती हाक खणखणीत ऐकेल. म्हणून रडारला जेवढं लांबचं दिसतं, त्यापेक्षा खूप लांबून ते स्वतः ऐकू येतं. ऐकणाऱ्या उपग्रहाला स्वतः काही ओरडावं लागत नाही, त्यामुळे विजेची भूक कमी. रात्र असो की ढग, त्याला फरक पडत नाही. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला आपल्याकडचा आषाढ म्हणजे डोळ्यावर पट्टी.

अशी पहिली यशस्वी जागल लागली १९६० साली, आणि तिची जन्मकथा हिशेबाच्या दृष्टीनेच मला फार आवडते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रीड मेयो नावाचे अभियंते होते. तिथे पाणबुडीच्या पेरिस्कोपवर बसेल असा छोटा रडार-ग्राहक, म्हणजे रडारचे ठोके पकडणारा रिसीव्हर, तयार होत होता. १९५८ च्या सुरुवातीला मेयो कुटुंबासह पेनसिल्व्हेनियात बर्फात अडकले. हॉटेलात बायको-मुलं टेबलावर पेंगत असताना त्यांनी ताटाखालच्या कागदाच्या पाठीवर आकडेमोड केली: हाच ग्राहक पेरिस्कोपऐवजी उपग्रहावर बसवला तर? उत्तर आलं, सुमारे ६०० मैलांवरून ऐकू येईल. त्यातून 'ग्रॅब' झाला. साधारण अर्धा मीटर व्यासाचा गोळा, वजन १९ किलो. २२ जून १९६० रोजी तो वर गेला, तोही स्वतंत्र रॉकेटने नाही. ट्रान्झिट नावाच्या, जहाजांना वाट दाखवणाऱ्या उपग्रहाबरोबर, काळीपिवळीत मागची सीट पकडावी तसा. जगाला सांगितलं सूर्याचा अभ्यास, आणि ते खोटंही नव्हतं, कारण सूर्यकिरण मोजणारं उपकरण खरोखरच त्यात होतं. दुसरं उपकरण मात्र सोव्हिएत रडारांचे ठोके पकडून खाली फेकत होतं. ही गोष्ट उघड झाली ती थेट १९९८ मध्ये.

रिसीव्हर आधीच तयार, रॉकेट वाटून घेतलेलं, वजन अवघं १९ किलो. स्वस्तच की. पण थांबा. ते ठोके पकडायला ठिकठिकाणी जमिनीवर झोपडीएवढी केंद्रं होती. तिथे माणसं चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करत. फिती पोत्यागत वाहून अमेरिकेला न्यायच्या, मग कानाला यंत्र लावून विश्लेषक महिनोन्‌महिने ऐकत बसायचे. गोळा १९ किलोचा, पण त्याच्या शेपटीला ही सगळी वरात. आजही तेच. उपग्रहाचा फोटो पेपरात येतो, खालच्या माणसांचा पगार येत नाही.

ग्रॅब स्वस्त की महाग हे ठरवायला मात्र त्याची तुलना त्याच्या आधीच्या रीतीशी करावी लागते. ती रीत म्हणजे शत्रूच्या सीमेला घासून विमानं न्यायची, त्याची रडारं जागी होतात का बघायची. सप्टेंबर १९५८ मध्ये असं एक सी-१३० सोव्हिएत आर्मेनियावर पाडलं गेलं, १७ जण गेले. ही रीत ग्रॅबनंतरही सुटली नाही; १५ एप्रिल १९६९ ला उत्तर कोरियाने ईसी-१२१ पाडलं, ३१ जण गेले. इतकं करूनही १० किलोमीटर उंचीवरच्या विमानाला क्षितिजापर्यंतचं, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचंच जमिनीवरचं ऐकू येतं. सायबेरियाच्या पोटात काय चाललंय ते कळायला उपग्रहाशिवाय इलाज नव्हता. ज्याला पर्यायच नाही त्याची किंमत काढायची कशी, हा प्रश्न इथेच उभा राहतो, त्याकडे पुन्हा येतो.

आता आपल्याकडचं. १ एप्रिल २०१९ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी४५ ने एमिसॅट सोडला, ऐकणारा म्हणून ओळखला जाणारा आपला उपग्रह. ४३६ किलो, ७४८ किलोमीटर उंची. इस्रोने सांगितलं ते एवढंच, की विद्युतचुंबकीय वर्णपट मोजायला. हे झाल्यावर त्याच रॉकेटने खाली येऊन ५०४ किलोमीटरवर परदेशी गिऱ्हाइकांचे २८ छोटे उपग्रह उतरवले. काळीपिवळी इथेही आहेच, फक्त या वेळी गाडी आपली आणि भाडं दुसऱ्याचं.

या उंचीवरून काय मिळतं याचं गणित मी स्वतः केलं, कुणीही करू शकेल. पृथ्वीला एक फेरी ९९ ते १०० मिनिटांत. क्षितिजापर्यंतचं वर्तुळ चहूबाजूंनी सुमारे २,९५० किलोमीटर. म्हणजे असा उपग्रह परभणीवर असताना काबूल, ल्हासा, कोलंबो, बँकॉक सगळं एका घोंगडीखाली. नेमका डोक्यावरून गेला तर एका ठिकाणावर साडेचौदा मिनिटं कान राहतो, कडेने गेला तर कमी. ध्रुवांवरून फिरणाऱ्या अशा एका उपग्रहाला आपल्या अक्षांशावरचं एखादं ठिकाण दिवसातून चार-पाच वेळा कानाच्या टप्प्यात येतं. बेरीज केली तर दिवसाला साधारण ५० मिनिटं. दिवस १,४४० मिनिटांचा. उरलेले तेवीस तास माळा रिकामा.

आता खर्च. इथून पुढचे आकडे माझे, नुसती रीत दाखवायला. समजा उपग्रह आणि उड्डाण मिळून ४०० कोटी, खालची केंद्रं आणि माणसं वर्षाला ४० कोटी, आयुष्य पाच वर्षं. झाले ६०० कोटी, वर्षाला १२० कोटी. पण यात एक चूक आहे, आणि मराठवाड्यात ज्याने बोअर घेतलाय त्याला ती लगेच कळेल. आमच्या शेतात चौथा बोअर लागला. पहिल्या तिन्हींत चारशे फुटांपर्यंत पांढरा फुफाटा उडाला, गाडीवाल्याने फुटावर पैसे घेतले आणि तो गेला. आज त्या पाण्याची किंमत एका बोअरची धरायची की चारांची? चारांचीच. ऑगस्ट १९९८ मध्ये केप कॅनव्हरलहून उडालेलं टायटन-४ रॉकेट मिनिटभराच्या आतच फुटलं आणि आतला ऐकणारा उपग्रह समुद्रात गेला. एक अब्ज डॉलरच्या वर नुकसान. तेव्हा दहात एक उड्डाण फसतं असं धरलं, तर पाच वर्षांऐवजी पदरात साडेचारच पडतात आणि वर्षाचा खर्च १२० वरून १३३ कोटींवर जातो. उलट उपग्रह पाचाऐवजी आठ वर्षं टिकला, तर फसण्याचा धोका धरूनही तोच १०० कोटींवर येतो. व्याज मी धरलेलं नाही. सोसायटीचं कर्ज फेडणाऱ्याला त्याने काय फरक पडतो ते सांगायला नको.

१३३ कोटी म्हणजे दिवसाला साडेछत्तीस लाख. अण्णांना मी हा आकडा सांगितला असता तर ते माळ्यावरून खाली पडले असते. एकाच ठिकाणासाठी ५० मिनिटांना भागलं तर मिनिटाला ७३ हजार. पण उपग्रह उरलेला वेळ काही झोपा काढत नाही, तो दुसरी ठिकाणं ऐकतो. कामाची दहा ठिकाणं असतील तर मिनिटाचा भाव ७,३०० वर आला. उपग्रह तोच, पैसे तेच. म्हणूनच कुणी छातीठोक एकच आकडा सांगितला की मी आधी विचारतो, भागिले काय?

मिनिटं हा भाजकही फसवा. आपल्याला मिनिटं नको असतात, सापडलेलं रडार हवं असतं. समजा एखादं रडार दिवसातून एकदाच, कधीही, तासभर चालू होतं. आपले चार-पाच फेरे, प्रत्येक सरासरी अकरा-साडेअकरा मिनिटांचा. त्या तासाची आणि आपल्या एखाद्या फेऱ्याची गाठ पडण्याची शक्यता निघते २२ टक्के. चार-साडेचार दिवसांतून एकदा. दुसरा उपग्रह वेगळ्या वेळेला फिरवला तर शक्यता ३९ टक्क्यांवर, तिसऱ्याने ५२ वर, सहांनी ७७, बारांनी ९५. पहिल्या एकट्याने २२ टक्के दिले, शेवटच्या सहांनी मिळून १८. जागलीला दुसरा गडी ठेवला तर फरक पडतो, सातवा ठेवला तर तो पहिल्या सहांशी गप्पा मारतो. किती उपग्रहांवर थांबायचं हे त्या शेवटच्या उपग्रहाच्या कमाईवरून ठरवायचं. सरासरी तिथे कामाची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने टेहळणीच्या ५२ उपग्रहांच्या टप्प्याला सुमारे २७ हजार कोटींची मंजुरी दिल्याची बातमी होती. भागाकार करून एकाला ५१९ कोटी असं सांगणारे लगेच निघाले. बावन्नावा उपग्रह काय वाढवेल, हे त्या ५१९ मधून कळत नाही.

रडार ऐकू आलं म्हणजे सापडलं असंही नाही. कुठे आहे ते कळायला हवं. एक रीत अशी, की तीन उपग्रह थोड्या अंतराने उडवायचे आणि तोच ठोका प्रत्येकाला नेमका कधी ऐकू आला ते बघायचं. रेडिओ लहर प्रकाशाच्याच वेगाने, एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणून घड्याळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ. अमेरिकेतली हॉकआय ३६० ही खासगी कंपनी २०१८ च्या डिसेंबरपासून असे तिघा-तिघांचे छोटे उपग्रह वर ठेवते आणि ओळख लपवून फिरणारी जहाजं त्यांच्या रडारवरून शोधून देते. फ्रान्सची अनसीनलॅब्स हेच काम एकेका छोट्या उपग्रहाने करते. अशा कंपन्यांमुळे एक सोय झाली. पूर्वी या माहितीला मोंढाच नव्हता, आता निदान समुद्रावरच्या मालाचा भाव फुटतो. सरकारला विचारता येतं, की हे बाजारात मिळत असताना स्वतःचं कशाला? उत्तर असू शकतं, की ऐन लढाईत दुकानदार शटर ओढेल. ते खरंही आहे. पण मग ती भीती किती पैशांची, तेही वहीत लिहावं लागतं.

आता ज्वारीचा खरा हिशेब. समजा डुकरं हंगामात सहा वेळा येतात आणि दर वेळी चार हजारांचं नुकसान. चाळीस रात्री जागल, रात्रीला ४०० रुपये, झाले १६ हजार. वाचले २४ हजार. आठ हजार फायदा, छान. आता शेजारी झटका मशीन लावतो. बॅटरी, तारा सगळं धरून १२ हजार, चालतं चार हंगाम, म्हणजे हंगामाला तीन हजार. सहातले पाच हल्ले परतवतं, म्हणजे २० हजार वाचले. आता गड्याला विचारा, मशीन असताना तुझ्यामुळे जास्तीचे किती वाचले? चार हजार. आणि घेतलेस सोळा. गडी तोच, मेहनत तीच, डुकरंही तीच. पर्याय बदलला आणि फायद्याचा गडी तोट्यात गेला. सायबेरियावर पर्याय नव्हता म्हणून ग्रॅब सोन्याच्या मोलाचा. किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवरचं जहाज ऐकायला मात्र किनाऱ्यावरच्या मनोऱ्यावरची साधी अँटेना उपग्रहाला सहज हरवेल.

यात आणखी एक पाचर आहे. माळ्यावर बॅटरीचा उजेड दिसला की डुकरं येतच नाहीत. मग न आलेली डुकरं कुठल्या रकान्यात धरायची? उपग्रहाची कक्षा लपत नाही, हौशी लोकसुद्धा दुर्बिणी लावून ती काढतात आणि जाहीर करतात. वर कान आलाय हे कळलं की समोरचा रडार बंद करतो. आपल्या नोंदवहीत त्या दिवशी शून्य. पण त्याचं रडार आपल्या सोयीने रोज काही वेळ आंधळं झालं, ही कमाई नव्हे का? उलट बाजू आपणच जगाला दाखवली आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला अमेरिकी कॅमेऱ्यांच्या वेळा धरून कामं रात्री केली आणि उजाडायच्या आत यंत्रं जागच्या जागी लावली. ११ मे ला स्फोट झाले तेव्हा जगातल्या सर्वांत महागड्या जागलीला पत्ता नव्हता. महागाईचा आणि कळण्याचा संबंध असतो, पण तो सरळ रेषेत नसतो.

'तसंही झालं असतं का' हा प्रश्न तर मराठवाड्याला पाठ आहे. २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी औरंगाबादला विभागीय आयुक्तालयाच्या गच्चीवर डॉप्लर रडार बसवलं, विमानं उडाली, २०१९ मध्ये पुन्हा. कुठे कुठे पाऊस पडलाही. तो विमानाने पाडला की येणारच होता, यावर आमच्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात. खर्चाचा आकडा सरकारदरबारी आहे, पण फायद्याचा आकडा काढायला विमान न उडालेला तोच दिवस पुन्हा आणावा लागेल. उपग्रहाचंही तसंच. त्याने सांगितलं नसतं तर सेनापतीने काय केलं असतं, आणि सांगितल्यावर काय वेगळं केलं, या दोहोंतला फरक म्हणजे त्याची कमाई. सांगूनही निर्णय तोच राहिला, तर माहिती कितीही खरी असो, त्या दिवसाची कमाई शून्य.

जाता जाता, ते गच्चीवरचं रडारही ओरडणारंच. चालू असताना वरून कुणाचा कान गेला असेल, तर त्याच्या वहीत औरंगाबादच्या नावाने एक ठोका नक्की पडला असेल. पाच-सहा हजार किलोमीटर रुंदीच्या त्या वर्तुळात विमानतळांची, हवामानखात्यांची, जहाजांची रडारं असतात, आणि एकेक रडार सेकंदाला शेकडो ठोके सोडतं. त्यातून कामाचं निवडणं यंत्र बरंच करतं, पण 'हे नवीन आहे' असं म्हणायला शेवटी माणूस लागतो. कान तिखट केला तर खोटे इशारे वाढतात, मऊ केला तर खरं निसटतं. अण्णांचं कुत्रं कोल्ह्यालाही भुंकतं आणि वाऱ्यालाही. दर वेळी खाली उतरलं तर दुसऱ्या दिवशी कामाला कोण, आणि नाही उतरलं तर नेमकी त्याच वेळी डुकरं. खोट्या इशाऱ्याचा खर्च उपग्रहाच्या अंदाजपत्रकात मला कुठे दिसला नाही. तो खाली, माणसांच्या झोपेत मोडतो.

यंदा अण्णांनी झटका मशीन घेतलं. तारेला काही लागलं की हूटर वाजतो. डुकराला वाजतो, तसाच शेजारच्या सुटलेल्या वासराला आणि तारेपर्यंत वाढलेल्या गवतालाही वाजतो. त्यामुळे अण्णा अजून माळ्यावरच झोपतात. परवा मी त्यांना मशीनचा पूर्ण हिशेब करून दाखवला. त्यात बॅटरी होती, तारा होत्या आणि त्यांची झोपही होती.

"झोप कितीनं धरली?" त्यांनी विचारलं.

"रात्रीला चारशे."

"मग खोडून टाक. तेवढ्यात आता कुणी येत नाही."